टोपीवरचा बिल्ला : ओळख आणि पारख

छंद म्हटला की पोस्टाची तिकिटे, आगपेट्यांवरची चित्रे आणि जुनी नाणी एवढीच यादी बहुधा पुढे येते. प्रस्तुत लेखाचा विषय त्याच कुळातला आहे, पण जरा आडवाटेचा : हवाईदलातील लोक टोपीवर लावीत ते जुने बिल्ले. गेली दोन वर्षे मी ते जमवीत आहे. संग्रह म्हणावा इतका काही तो मोठा नाही. अवघे ११ बिल्ले आहेत, आणि त्यांपैकी २ नकली आहेत. ते नकली म्हणूनच स्वस्तात घेतले, कारण खऱ्याशेजारी खोटा ठेवला म्हणजे नजर लवकर तयार होते.

'बिल्ला' हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत आहे. मराठीत बिल्ला, कन्नडात 'बिल्ले'. पूर्वी कचेरीतल्या पट्टेवाल्याच्या पट्ट्यावर पितळी बिल्ला असे. रेल्वे स्टेशनावर हमालाच्या दंडावरचा क्रमांकाचा बिल्ला आपण सर्वांनी पाहिला आहे. हा मनुष्य कोणाचा, ते लांबून कळावे, एवढेच त्याचे काम. टोपीवरच्या बिल्ल्याचेही काम तेच. म्हणून असा बिल्ला हाती आला की किंमत विचारण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा : हा काय सांगू शकतो, आणि काय सांगू शकत नाही?

बेळगावच्या वाचकांना हे समजावून सांगणे सोपे आहे. आपल्या गावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे आणि सांबऱ्यास हवाईदलाची प्रशिक्षण शाळा आहे. दोन्हीकडचे जवान बाजारात दिसतात. भूदलात प्रत्येक रेजिमेंटचा बिल्ला निराळा. मराठा जवानाच्या टोपीवरचा बिगुल पाहिला की तो मराठाच, गोरखा किंवा शीख नव्हे, हे माहितगार माणूस रस्त्याच्या पलीकडून सांगतो. हवाईदलाचे तसे नाही. तेथे साऱ्या दलाला मिळून बिल्ला एकच, फक्त अधिकाऱ्यांचा वेगळा आणि इतरांचा वेगळा. तो मनुष्य कोणत्या स्क्वाड्रनमध्ये होता, त्याने कोणते विमान चालविले, की चालविलेच नाही, यातले काहीही टोपीवरचा बिल्ला सांगत नाही. भूदलाची सवय असलेले जाणकार लोकदेखील येथे फसतात.

ही पद्धत ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सकडून आली. ते दल १ एप्रिल १९१८ रोजी स्थापन झाले. त्यातील साध्या सैनिकांचा बिल्ला पितळेचा : मधे 'आर ए एफ' ही तीन अक्षरे, भोवती लॉरेलच्या पानांची माळ आणि माथ्यावर मुकुट. अक्षरांमधली आणि माळेच्या आतली जागा आरपार कापलेली असते. अधिकाऱ्याचा बिल्ला पुष्कळसा भरतकामाचा. माळ आणि मुकुट जरीने भरलेला, आणि त्यावर पंख पसरलेला धातूचा गरुड बसविलेला. (हा पक्षी गरुड नसून अल्बॅट्रॉस नावाचा समुद्रपक्षी आहे, असा वाद त्या दलात वर्षानुवर्षे चालत आला आहे. अधिकृत उत्तर गरुड हेच आहे.) युद्धकाळात पितळ वाचविण्यासाठी काही बिल्ले चक्क प्लास्टिकचे काढले गेले. ते दिसायला खेळण्यासारखे वाटतात, पण खरे असतात आणि संग्राहक त्यांना जपतात.

आता काळ कसा ओळखायचा? त्यासाठी दोन खुणा आहेत, मुकुट आणि अक्षरे.

मुकुटाकडे प्रथम पाहावे. १९०२ पासून राणी एलिझाबेथ गादीवर येईपर्यंत जो मुकुट वापरात होता, त्याच्या कमानी वर सरळ गोल घुमटासारख्या चढतात. १९५३ पासूनच्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या असतात, दोन खांदे आणि मधे खळगा अशा. संग्राहक पहिल्याला 'राजाचा मुकुट' आणि दुसऱ्याला 'राणीचा मुकुट' म्हणतात. एकदा डोळ्यांत बसले की ही खूण विसरत नाही. मात्र एक नवी अडचण आली आहे. २०२२ साली राजे चार्ल्स यांनी पुन्हा घुमटाचा मुकुट निवडला. त्यामुळे आता गोल मुकुट दिसला म्हणजे बिल्ला १९५३ पूर्वीचा, असे म्हणण्याची सोय राहिली नाही. जुन्या पुस्तकांतील नियम येथे अपुरा पडतो.

अक्षरांचे गणित आपल्या देशाच्या दृष्टीने अधिक रंजक आहे. आपले हवाईदल ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झाले आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड येथे त्याची पहिली तुकडी उभी राहिली. ६ अधिकारी, १९ हवाई सिपाही आणि ४ वापिती विमाने, एवढाच तो संसार होता. 'हवाई सिपाही' हे त्या काळचे खरेखुरे पदनाम आहे, आणि मला तर ते आजच्या कोणत्याही इंग्रजी पदनामापेक्षा गोड वाटते. तेव्हा नाव होते इंडियन एअर फोर्स, म्हणून अक्षरे 'आय ए एफ' आणि वर ब्रिटिश मुकुट. दुसऱ्या महायुद्धातील कामगिरीबद्दल १२ मार्च १९४५ रोजी 'रॉयल' ही उपाधी मिळाली, आणि अक्षरे झाली 'आर आय ए एफ'. स्वातंत्र्यानंतरही ती लगेच गेली नाहीत. २६ जानेवारी १९५० रोजी आपण प्रजासत्ताक झालो, तेव्हा 'रॉयल' गळले, मुकुट उतरला आणि त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

म्हणजे 'आर आय ए एफ' अक्षरांच्या बिल्ल्याचे आयुष्य पुरते ५ वर्षांचेही नाही. पण त्या ५ वर्षांत महायुद्ध संपले, फाळणी झाली, दलाचे दोन तुकडे झाले आणि काश्मीरची लढाई झाली. ऑगस्ट १९४७ नंतर पलीकडे 'आर पी ए एफ' अक्षरांचे बिल्ले आले. पाकिस्तानने 'रॉयल' १९५६ साली सोडले. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या हवाईदलांचेही बिल्ले याच घडणीचे असतात. त्यामुळे अक्षरे भिंगाने वाचावीत. झिजलेल्या पितळेवर 'आय' आणि 'पी' यांची गल्लत सहज होते.

येथे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट चटकन सुचावी. वर्ष संपले म्हणून गोदामातला माल संपत नाही. तो पुढच्या वर्षाच्या खात्यात आरंभीची शिल्लक म्हणून येतो. बिल्ल्यांचेही तसेच आहे. नवे नाव जाहीर झाले त्याच दिवशी प्रत्येक टोपीवर नवा बिल्ला चढतो असे नाही. म्हणून बिल्ला 'केव्हाच्या आधीचा नाही' हे खात्रीने सांगता येते. 'केव्हाच्या नंतरचा नाही' हे मात्र जपून सांगावे.

हे सारे कोरडे वाटू नये म्हणून सावलीची हकीकत सांगतो. सावली हे बडोदा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, बडोद्याच्या उत्तरेस. माझी आत्या तेथे असते. गेल्या सुट्टीत मी तिच्याकडे महिनाभर होतो. गायकवाडांच्या इतिहासात या गावाला मान आहे. पिलाजीराव गायकवाड यांचा १७३२ साली डाकोर येथे घात झाला, त्यांचे अंत्यविधी सावलीस झाले. त्यांची आणि दमाजीरावांची आठवण सांगणारी देवळे तेथे आहेत. संस्थानच्या चाकरीमुळे आलेली मराठी घरे या भागात पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांची मराठी ऐकण्यासारखी असते. क्रियापदे पुणेरी आणि भाजीपाल्याची नावे गुजराती.

अशाच एका शेजारच्या घरी, मला बिल्ल्यांचा नाद आहे हे कळल्यावर, तेथील आजींनी बोलावून घेतले. सत्तरी ओलांडलेल्या, पण आवाज खणखणीत. भिंतीवर मखमल लावलेली एक चौकट होती आणि तिच्यात एक गोल, रंगीत मिन्याचा बिल्ला बसविलेला होता. वर मुकुट, मधे मुंगूस, कडेला १२४ हा आकडा.

"आमचे मामंजी विमान चालवीत," आजी म्हणाल्या. "गायकवाड सरकारचे विमानदळ होते ना, मुंगसाचे! त्यांच्या टोपीवरचा हा."

तो बिल्ला त्यांच्या मुलाने काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून ४,००० रुपयांना आणला होता. मामंजींचा स्वतःचा हरवला असावा, म्हणून तसाच दुसरा. मी विचारले, त्यांच्या वेळचे आणखी काही आहे का? आजींनी पत्र्याचा डबा काढला. त्यात शिवणयंत्राच्या सुयांबरोबर दोन काळवंडलेले पितळी बिल्ले होते. हे पुढल्या खेपेस तांबटाला मोडीत द्यायचे ठरले होते, कारण त्यांच्यावर ना मुंगूस, ना बडोद्याचे नाव.

बडोद्याची स्क्वाड्रन ही दंतकथा नाही, हे आधी सांगितले पाहिजे. महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या देणगीवरून रॉयल एअर फोर्सच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला 'बडोदा' हे नाव दिले गेले. पहिल्या महायुद्धात त्या क्रमांकाची एक तुकडी अल्पकाळ होती. ती १० मे १९४१ रोजी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाजवळ कॅसलटाउन येथे नव्याने उभी राहिली आणि तिला स्पिटफायर विमाने मिळाली. तिचे चिन्ह खरोखरच मुंगूस आहे, आणि ब्रीदवाक्याचा आशय असा की संकट हीच आमची संधी. सापावर चालून जाणाऱ्या प्राण्याला ते शोभते. अशी बडोदा एकटीच नव्हती. मुंबईच्या नावाच्या १२२ आणि १३२ क्रमांकाच्या दोन होत्या, हैदराबादच्या निजामाच्या देणगीने नाव मिळालेल्या होत्या, आणि आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे १२९ क्रमांकाची स्क्वाड्रन 'म्हैसूर' नावाची होती. तिच्या चिन्हात गंडभेरुंड आहे! आज कर्नाटक सरकारच्या राजचिन्हात दिसणारा तोच दोन मस्तकांचा पक्षी इंग्लंडमधल्या स्पिटफायर तुकडीचे चिन्ह झाला होता.

पण ही सर्व स्क्वाड्रनची चिन्हे आहेत. गोल चौकट, वर मुकुट, खाली ब्रीदवाक्याची पट्टी असे त्यांचे ठरलेले रूप. ती तुकडीच्या कचेरीत भिंतीवर लावीत, विमानावर रंगवीत, कागदपत्रांवर छापीत. टोपीवर ती कधीच नव्हती. बडोदा स्क्वाड्रनचा वैमानिक असो की म्हैसूरचा, त्याच्या टोपीवर सर्वांसारखाच बिल्ला असे. 'बडोदा स्क्वाड्रनचा टोपीवरचा बिल्ला' असे म्हणून कोणी काही विकू लागला, तर वस्तू न पाहताही नाही म्हणावे.

मी चौकट उतरवून मागची बाजू पाहू दिली तर बरे, असे म्हटले. मागे साडीला लावायच्या पिनेसारखी पिन होती. टोपीच्या बिल्ल्यामागे एकतर टोपीच्या कापडातल्या फटीत सरकविण्याची उभी पितळी पट्टी असते, नाहीतर दोन कड्या असतात. पण त्याहून पक्का पुरावा समोरच्याच बाजूस होता. मुकुटाच्या कमानी मधे दबलेल्या होत्या. १२४ क्रमांकाची ही स्क्वाड्रन १ एप्रिल १९४६ रोजी बंद झाली, आणि दबलेला मुकुट आला १९५३ साली. तुकडी संपल्यावर ७ वर्षांनी सुरू झालेला मुकुट त्या तुकडीच्या माणसाला मिळणे शक्य नाही. ती हौसेने ठेवायची अलीकडची वस्तू होती, आणि त्या नावाने शंभर-दोनशे रुपयांना विकली असती तर कोणाची तक्रार नव्हती.

मग डब्यातले दोन बिल्ले घेतले. पहिल्यावर भिंगातून 'आर आय ए एफ' अक्षरे स्वच्छ लागली, वर घुमटाचा मुकुट. दुसऱ्यावर माळ तशीच, पण माथ्यावर सिंह. दोन्ही साध्या पितळेचे. जर नाही, भरतकाम नाही. दोन्हींची पुढची बाजू साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झालेली आणि मागची मात्र खरखरीत. रोज सकाळी पॉलिश मारून वर्षानुवर्षे वापरलेल्या बिल्ल्याची हीच ओळख. बिल्ले एवढे सांगत होते की मनुष्य भारतीय हवाईदलात १९५० च्या अलीकडे-पलीकडे होता आणि अधिकारी नव्हता. ते मामंजींचेच होते का, हे बिल्ले सांगू शकत नव्हते. जमाखर्चात नोंद कितीही सुवाच्य असली तरी व्हाउचर लागतेच. मी विचारले, काही कागद आहे का? बराच वेळ शोधल्यावर ट्रंकेच्या तळाशी, रेशनकार्डाच्या घडीत, सेवामुक्तीचा दाखला निघाला. त्यावर मामंजींचे नाव होते. भरती १९४६ च्या ऑक्टोबरात, सुटका १९५५ साली, कामाचा प्रकार : फिटर.

बडोदा स्क्वाड्रन बंद झाली एप्रिल १९४६ मध्ये. मामंजी भरती झाले त्यानंतर ६ महिन्यांनी, आणि तेही दुसऱ्याच दलात. तारखा समोरासमोर मांडल्यावर बोलण्यासारखे फारसे उरले नाही. आजींचे चिरंजीव उठून आत गेले. मला वाटले, आता आपण निघावे.

आजींनी दाखला डोळ्यांजवळ नेला. "म्हणजे मामंजी विमान उडवीत नसत?"

"नाही आजी. उडायच्या आधी ते नीट आहे की नाही, ते बघायचे काम त्यांचे. त्यांनी हो म्हटल्याशिवाय वैमानिकाला वर जाता येत नसे."

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तरीच. घरातले घड्याळ म्हणा, शिवणयंत्र म्हणा, बिघडले की कारागिराकडे कधी गेले नाही. सगळे स्वतः उघडून बसायचे. वैमानिकाला कशाला येईल ते?"

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनीच मला हाक मारून विचारले, की चौकटीत तीन वस्तू मावतील का. मुंगूस त्यांना काढायचे नव्हते, आणि ते मला रास्त वाटले. बडोद्याच्या घरात बडोद्याचे मुंगूस असायला हरकत काय? फक्त खाली चिठ्ठी बदलायची होती. चिठ्ठीचा मजकूर मी मराठीत लिहून दिला आणि दाखल्याची छायाप्रत मागच्या पुठ्ठ्यात घालायला सांगितली. मूळ दाखला मखमलीत दाबू नये.

जाता जाता बडोद्याकडच्या संग्राहकांसाठी आणखी एक सूचना. त्या भागात संस्थानी फौजेचे आणि पोलिसांचे जुने बिल्ले व गुंड्या पुष्कळ निघतात. त्यांवर 'जिन घर जिन तख्त' हे गायकवाडांचे ब्रीद आढळले, तर तो माल हवाईदलाचा नव्हे. संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्या वस्तूंचा अभ्यास स्वतंत्र आहे, आणि मोलाचाही आहे.

नकली बिल्ले ओळखण्याविषयी थोडक्यात. अस्सल बिल्ला पोलादी ठशाखाली दाबून काढलेला असतो, म्हणून पानांच्या शिरा आणि अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात. नकली बहुधा खऱ्याचाच साचा घेऊन ओतलेला असतो. ओतीव पितळेवर बारीक छिद्रे आणि रवाळपणा दिसतो, आरपार कापलेल्या जागांच्या कडा ओबडधोबड असतात, आणि धातू निवताना आकसत असल्याने तो अस्सलापेक्षा किंचित लहान भरतो. म्हणून मोजपट्टी खिशात असावी. मागे बर्मिंगहॅमच्या गॉण्टसारख्या कारखान्याचे नाव उमटविलेले असले म्हणून हुरळू नये. नावही साच्यात उतरते. जुना दिसावा म्हणून रसायनाने काळा केलेला बिल्ला सगळीकडे सारखा काळा असतो. खरा जुना बिल्ला खाचांत काळा आणि उंचवट्यांवर उजळ असतो.

घासण्याचा मोह मात्र आवरावा. आपल्याकडे पितळ दिसले की चिंच, लिंबू किंवा पितांबरी घेऊन बसण्याची रीत आहे. देवघरातल्या समईला ती ठीक. बिल्ल्यावर ७५ वर्षांत बसलेला रंग हा त्याच्या वयाचा दाखला आहे, आणि तो एका दुपारीत पुसला जातो. हिरवा जंग आला असेल तर कोरड्या मऊ कापडाने किंवा लाकडी काडीने हलकेच काढावा. पावसाळ्यात बिल्ला कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावा, रबरात किंवा चामड्यात नको.

कायद्याची बाजूही माहीत असावी. असे बिल्ले बाळगण्यास आडकाठी नाही, पण आपण सैनिक आहोत असा लोकांचा समज व्हावा म्हणून सैनिकाचा पोशाख किंवा चिन्ह अंगावर घालणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या १४० व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या कलमात आहे. स्नेहसंमेलनात नाटकासाठी घालणे यात येत नाही. तसेच १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात साधारणपणे १०० वर्षांची मर्यादा आहे, आणि पुरावस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठविता येत नाही. पहिल्या महायुद्धातील बिल्ल्यांनी शंभरी ओलांडली आहे, हे परदेशातील संग्राहकांशी पत्रव्यवहार करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

सांबऱ्याच्या केंद्रामुळे आपल्या बेळगावात, विशेषतः निवृत्त मंडळींच्या घरी, असे बिल्ले नक्की असणार. कोणा वाचकाच्या आजोबांचा बिल्ला कपाटात पडून असेल, तर तो मला अवश्य दाखवावा. मी तो मागणार नाही. माप, वजन आणि मागची बाजू तेवढी वहीत टिपून घेईन, आणि बरोबर एखादा कागद असेल तर तोही पाहीन.